तात्यासाहेबांचं दार

"सर, हे दार आत उघडतं," अग्निशमन अधिकारी लोंढे म्हणाले.

एवढं सांगायला त्यांना नगरपालिकेची जीप, एक शिपाई आणि मोजायची लांब फीत लागली होती. मी कन्याशाळेचा मुख्याध्यापक. दार आत उघडतं हे मला त्यांच्या आधी ठाऊक होतं, आणि मी त्यांना तसं सांगितलंही.

"ठाऊक आहे ना? मग बघा. काही झालं तर मुली बाहेर ढकलणार आणि दार ओढायचं आत. पुढच्या मुलीनं ते ओढायचं कसं? तिच्या पाठीवर शाळा उभी असणार."

"लोंढेसाहेब, काही झालं तर म्हणजे काय? आमच्या मुली शिस्तीच्या आहेत. ढकलाढकलीला शाळेत बंदी आहे."

यावर रावसाहेब इंगवले मोठ्यानं हसले, म्हणून मीही हसलो. रावसाहेब हसले की हसायचं, ही आमच्या शिक्षणसंस्थेची अलिखित घटना होती. निमखेडात त्यांची लाकडाची वखार होती, संस्थेत ते उपाध्यक्ष होते, आणि आम्ही तिघं उभे होतो तो नवा हॉल त्यांनी बांधून दिला होता. कैलासवासी तात्यासाहेब इंगवले स्मृती सभागृह. तात्यासाहेब हे त्यांचे वडील. खुर्च्या, दोन एसी, गर्द लाल मखमली पडदा, आणि ते दार.

दाराचं वर्णन करायलाच हवं. वखारीतला सगळ्यात जुना सागवान वापरून, कोल्हापूरचा कारागीर चार महिने ठेवून घेऊन ते घडवलं होतं. दोन फळ्यांचं. डाव्या फळीवर तात्यासाहेब, फेट्यासकट. उजवीवर त्यांच्या पत्नी, नथीसकट. दार उघडलं की दोन्ही फळ्या आत जाऊन उभ्या राहत आणि येणाऱ्याच्या दोन बाजूंना नवराबायको स्वागताला असल्यासारखे दिसत. मला ते जरा भीतीदायक वाटे. पण मी रावसाहेबांना 'जिवंत वाटतात' असं सांगितलं होतं. ते खोटं नव्हतं.

"दुसरं दार कुठाय?" लोंढ्यांनी नकाशा उलगडला. "इथं मंचामागं दाखवलंय."

"तिथं तात्यासाहेब आहेत," मी म्हणालो.

"अजून एक?"

"अर्धपुतळा. तिथलं दार बुजवून कोनाडा केलाय."

लोंढे मंचापर्यंत गेले, पुतळ्याकडे बघून आले. किडकिडीत माणूस होता तो, डाव्या मनगटावर भाजल्याचा जुना डाग. आवाज चढवत नसे. "रावसाहेब, सोपं काम आहे. सुतार तुमच्याकडे आहेतच. बिजागऱ्या काढून बाहेरच्या अंगाला लावा, दार बाहेर उघडू द्या. दोन तासांचं काम. मागचं दार नंतर बघू."

रावसाहेबांचं हसणं थांबलं. "बाहेर उघडलं तर फळ्या कुठं जातील?"

"बाहेरच्या भिंतीला टेकतील."

"म्हणजे माझ्या आईवडिलांची तोंडं भिंतीकडं." ते माझ्याकडे वळले. "सर, शाळेत भिंतीकडं तोंड करून कुणाला उभं करतात?"

"शिक्षा झालेल्यांना," मी तत्परतेनं उत्तर दिलं. प्रश्न आला की उत्तर द्यायचं, ही शिक्षकी सवय.

लोंढ्यांनी कागद काढला, मांडीवर ठेवून लिहिला, सही केली आणि मला दिला. सभागृहाची कमाल क्षमता, दार सध्याच्या दिशेनं उघडत असेपर्यंत: एकोणपन्नास.

हॉलात खुर्च्या तीनशे वीस होत्या.

"एकोणपन्नास!" रावसाहेब म्हणाले. "अहो, माझ्या वडिलांच्या मयतीला चार हजार माणूस होता!"

"ती मैदानात होती," लोंढे म्हणाले आणि जीपमध्ये बसून गेले.

तो कागद मी माझ्या टेबलाच्या खालच्या खणात ठेवला. रावसाहेबांनी विचारलं, आता उद्घाटनाचं काय? मी मुख्याध्यापक उगाच झालो नव्हतो. मी म्हणालो, "कागदात हॉलच्या वापराची मर्यादा आहे. उद्घाटन म्हणजे वापर नव्हे. वापर उद्घाटनानंतर सुरू होतो." रावसाहेबांनी माझ्या पाठीवर थाप मारली. आयुष्यात मी काही विचार केले असतील तर त्यातला हा सर्वांत चमकदार होता, असं मला तेव्हा वाटलं.

आमच्या बोलण्यात एक तिसरा माणूस होता, पण तिला आम्ही मोजत नसू. शैला कुरणे, शारीरिक शिक्षणाच्या बाई. सावळ्या, आडव्या बांध्याच्या, गळ्यात कायम शिट्टी. सकाळच्या परिपाठाला त्यांच्या 'सावधान'नं आजूबाजूची कुत्रीसुद्धा ताठ होत. शिक्षकांच्या खोलीत आम्ही त्यांची नक्कल करायचो. इंग्रजी, गणित, विज्ञान शिकवणाऱ्यांना पी.टी. शिकवणाऱ्यांची नक्कल करायचा हक्कच असतो.

"सर, निदान कार्यक्रमभर दार सताड उघडं ठेवू," बाई म्हणाल्या. "दोन्ही फळ्यांखाली लाकडी गुटके ठोकते. फळ्या हलायच्या नाहीत."

"ठोका," मी म्हणालो. गुटक्यांवर तात्यासाहेबांचं चित्र नव्हतं, त्यामुळे हरकत कुणाचीच नव्हती.

उद्घाटन फेब्रुवारीतल्या शनिवारी सकाळी होतं. आठवी ते दहावीच्या तीनशे बारा मुली, लाल रिबिनी, दोन वेण्या. पाहुणे जिल्ह्याच्या गावाहून आलेले एक निवृत्त प्राचार्य. दीपप्रज्वलन झालं, स्वागतगीत झालं, आणि रावसाहेब तात्यासाहेबांवर बोलायला उभे राहिले. तात्यासाहेबांनी खांद्यावर ओंडके वाहिले, पायी कोकणात जाऊन लाकूड आणलं, एकदा वाघाला नुसतं बघून पळवलं. मी मागं दाराशी उभा होतो. मुख्याध्यापकानं मागं उभं राहिलं की सगळ्या मुलींच्या माना सरळ राहतात.

ऊन चढलं तसं हॉलात उकडायला लागलं. उघड्या दारातून गार हवा व्हरांड्यात चालली होती. व्हरांड्यात झोपलेलं कुत्रं तेवढं सुखी होतं. पाहुणे कार्यक्रमपत्रिकेनं वारा घेत होते. रावसाहेबांनी भाषण न थांबवता दोनदा एसीकडे पाहिलं, आणि मग माझ्याकडे.

थोड्या वेळानं दार लागलं. हॉल गार व्हायला लागला. पाहुण्यांनी पत्रिका खाली ठेवली.

वाघ पळाल्यावर चारपाच मिनिटांनी मंचाच्या डाव्या कोपऱ्यातला हॅलोजन दिवा पडद्याला टेकला. टेकलेला बहुधा आधीपासूनच असावा; त्याकडे कुणाचं लक्ष नव्हतं. मखमल पेटते कशी हे मला तोवर माहीत नव्हतं. आधी ज्वाळा नाही. आधी जळक्या केसांसारखा वास, मग काळा, तेलकट धूर, आणि मग एकदम वरपर्यंत एक पिवळी जीभ. पहिल्या रांगेतली एक मुलगी किंचाळली. कुणीतरी मेन स्विच खाली ओढला. खिडक्यांना एसीसाठी काळी काच बसवली होती, त्यामुळे भर सकाळी अंधार.

तीनशे बारा मुली उठल्या आणि हॉलला जे एकच दार होतं तिकडे आल्या. शिस्तीतच आल्या असतील. मला तेवढं बघता आलं नाही, कारण दारात मी होतो.

मूठ माझ्याच हातात होती. मी फळी आत ओढली. वीतभर उघडली, बाहेरच्या उन्हाची एक रेघ आली, आणि तेवढ्यात पाठीवर पहिल्या पाचपन्नास मुली येऊन आदळल्या. दार मिटलं. मी पुन्हा ओढलं. आता माझा हात हलवायलाही जागा नव्हती. माझा गाल फळीवर चपटा झाला होता. आतून ती फळी साधीच होती, कोरीवकाम सगळं बाहेर. आतल्या माणसानं बघण्यासारखं त्या दारावर काही नव्हतं.

माझ्या डाव्या हाताला दहावी 'ब'मधली एक मुलगी होती, तबस्सुम मुलाणी. तिनंही मूठ धरली होती, माझ्या हाताच्या खाली. आम्ही दोघं मिळून ओढत होतो आणि मागून अख्खी शाळा आम्हाला त्याच दारावर दाबत होती. मी ओरडत होतो. बाहेरून शाळेचा शिपाई दाराला धडका मारत होता, पण तोही आत ढकलत होता, आणि आत आम्ही होतो. मग मला माझ्या हाताखाली काहीतरी मोडल्याचा आवाज आला. ओली फांदी मोडावी तसा. तबस्सुम ओरडली नाही. तिच्या तोंडातून फक्त श्वास बाहेर पडला आणि तिचं डोकं माझ्या खांद्यावर आलं.

तेव्हा शिट्टी वाजली.

एक लांब, दोन आखूड. परिपाठाची शिट्टी. आणि मंचावरून, धुराच्या आतून, तो आवाज:

"शाळाऽऽ, सावधान!"

तुम्ही हसाल. मीही एरवी हसलो असतो. पण माझ्या पाठीवरचा भार क्षणभर थांबला. वर्षानुवर्षं दररोज सकाळी ऐकलेला तो शब्द मुलींच्या डोक्यात जात नव्हता, सरळ पायांत जात होता.

"पीछे मुड! शेवटच्या रांगा आधी. मुड! आता पाच कदम, आगे बढ! एक! दोन!"

पाच पावलं पुढं म्हणजे दारापासून दूर. म्हणजे मंचाकडे, धुराकडे, जळत्या पडद्याकडे. बाई मुलींना आगीकडे चालायला सांगत होत्या, आणि मुली चालल्या. खोकत, रडत, पण पाय उचलत चालल्या. आधी गर्दीची मागची कड सुटली, मग मधला भाग, आणि मग माझ्या पाठीमागं प्रथमच हवा आली. मी फळी ओढली. ती सहज उघडली. उत्तम दार होतं, बिजागऱ्यांना चांगलं तेल घातलेलं.

पडदा तोवर विझला होता. बाईंनी आणि वीजवाल्यानं तो ओढून खाली पाडला होता, आणि शिट्टी वाजवण्याआधी बाई त्यावर उड्या मारत होत्या. नंतर सगळ्यांनी सांगितलेल्या वेळा जुळवल्या, तेव्हा कळलं की आग चार मिनिटं टिकली. दार उघडायला सात लागली. शेवटी मंचावरून रावसाहेबांना खाली आणलं, तेव्हा ते पुतळ्याच्या कोनाड्यातली भिंत दोन्ही तळव्यांनी चाचपत होते.

कुणी मेलं नाही. नऊ मुली बेशुद्ध, त्या संध्याकाळपर्यंत शुद्धीवर आल्या. कुरणेबाईंचे तळपाय भाजले. तबस्सुमच्या हाताची दोन्ही हाडं मोडली, उजव्या. बोर्डाच्या परीक्षेला तीन आठवडे होते.

संस्थेनं चौकशी समिती नेमली. तीन सदस्य, तिघंही रावसाहेबांचे मित्र, त्यामुळे मतभेदाचा धोका नव्हता. दोष हॅलोजनवाल्याचा ठरला. दाराबद्दल समितीचं मत असं पडलं की एवढ्या रेट्यात जे मोडलं नाही ते दार मजबूतच म्हणावं लागेल. मग अध्यक्षांनी, विचारायचं म्हणून, मला विचारलं, "सर, दार उघडं ठेवायचं ठरलं होतं म्हणतात. मग लागलं कसं?"

"वाऱ्यानं लागलं असावं," मी म्हणालो.

हॉलच्या सगळ्या खिडक्या काचा बसवून बंद केलेल्या होत्या. तीन सुशिक्षित माणसांनी 'वाऱ्यानं' असं लिहून घेतलं.

कुरणेबाई भिंतीपाशी खुर्चीत बसल्या होत्या, पायांना पट्ट्या. त्या माझ्याकडे बघत होत्या. बोलल्या नाहीत. बाहेर आल्यावर मी त्यांना गाठलं.

"बाई, तुम्हाला काही सांगायचं होतं का आत?"

"मंचावरून दार सरळ दिसतं, सर."

"मग बोलला का नाहीत?"

"तुम्ही बोलाल म्हणून थांबले होते," बाई म्हणाल्या, आणि भिंतीला धरून हळूहळू निघून गेल्या.

चार दिवसांनी माझ्या कचेरीत दस्तगीर मुलाणी आले. एस.टी. स्टँडसमोर त्यांचं गॅसशेगड्या दुरुस्त करायचं दुकान होतं. स्वच्छ धुतलेला सदरा, हातात बालूशाहीचा पुडा. खुर्चीवर बसा म्हटलं तर बसेनात.

"तबस्सुमचा हात कसा आहे?"

"प्लास्टर हाय. लिवायला बोर्डाकडनं दुसरी पोरगी मिळणार म्हंत्यात, कुरणेबाईंनी खटपट केली." त्यांनी पुडा टेबलावर ठेवला. "सर, म्या आलो ते तुमास्नी सांगायला. पोरगी म्हनली, सर शेवटपातुर माझ्याबरोबर दार वढत हुते. सोडून गेले न्हाईत. तुमी हुता म्हणून वाचली."

मी कुठं सोडून जाणार होतो? मला जायला वाटच नव्हती. पण दस्तगीरभाईंच्या डोळ्यांत पाणी आलं होतं, आणि त्यांनी खाली वाकून माझ्या पायांना हात लावायला सुरुवात केली. माझ्यापेक्षा वयानं मोठा माणूस. पुरस्कार, हारतुरे, शाली मी पुष्कळ पचवल्या होत्या. हे मात्र घशाखाली जाईना. मी खुर्ची मागं ढकलून उठलो.

"दार मी लावलं, भाई."

ते अर्धे वाकलेले तसेच थांबले.

"बाईंनी गुटके लावून उघडं ठेवलं होतं. मी पायानं गुटके सरकवले आणि दोन्ही फळ्या लावल्या. पाहुण्यांना उकडत होतं."

ते सरळ झाले. बाहेर मधल्या सुट्टीचा गलका चालला होता.

"म्या शेगडी दुरुस्त करतो," ते म्हणाले. "नळी गळती असंल आनि गिऱ्हाइकाला न सांगता दिली, तर त्ये पाप माजं. गिऱ्हाइकानं न्हाई विचारलं तरी." मग म्हणाले, "ह्ये तुमी आजून कुनाला सांगितलंय?"

"नाही."

"मग मला एकट्याला सांगून काय व्हनार?"

पुडा त्यांनी परत नेला नाही. बसलेही नाहीत.

त्याच दुपारी मी समितीला पत्र लिहिलं. सोबत खालच्या खणातला लोंढ्यांचा कागद जोडला. एक प्रत शिक्षण खात्याला, एक लोंढ्यांना. समितीचे अध्यक्ष घरी आले, म्हणाले, "सर, वाऱ्यावर निभावलं होतं की हो!" माझी वेतनवाढ थांबली, मुख्याध्यापकपद गेलं, मी पुन्हा आठवी ते दहावीला भूगोल शिकवू लागलो. कुरणेबाई प्रभारी मुख्याध्यापिका झाल्या. शिक्षकांच्या खोलीत त्यांची नक्कल बंद झाली. माझी सुरू झाली.

रावसाहेबांनी माझ्याशी बोलणं सोडलं, आणि वखारीतली चार माणसं पाठवून दार काढून नेलं. ते त्यांनी आपल्या बंगल्याला बसवलं. पुढचे आठ महिने आमच्या सभागृहाला दारच नव्हतं. लोंढे येऊन मोकळी चौकट बघून गेले आणि म्हणाले, असा सुरक्षित हॉल तालुक्यात दुसरा नाही.

या गोष्टीला सतरा वर्षं झाली. इतकी वर्षं कुणी विचारलं, की मी दाराचं सगळं सांगतो, गुटक्यांसकट. लोक म्हणतात, सरांनी मोठेपणानं कबुली दिली. मी त्यांना म्हणू देतो. कारण दाराची कबुली सोपी होती. दुसरी एक होती, ती मी फक्त एका माणसाला दिली.

जून महिन्यात निकाल लागला. तबस्सुम त्रेसष्ट टक्क्यांनी पास झाली. मी तिचा वर्गशिक्षक झालो होतो, त्यामुळे दाखल्याच्या अर्जावर सही घ्यायला ती माझ्याकडे आली. उजवा हात कोपरापाशी थोडा वाकडा राहिला होता. अर्ज तिनं डाव्या हातानं पुढं केला. शिक्षकांच्या खोलीत दुसरं कुणी नव्हतं.

मी सही केली, पण कागद सोडला नाही.

"तबस्सुम, तू बाबांना सांगितलंस की सर शेवटपर्यंत दार ओढत होते."

"हो सर."

"ओढताना काय ओरडत होतो ते सांगितलं नाहीस."

ती कागदाचं दुसरं टोक धरून उभी होती.

दारावर गाल चेपलेला असताना, माझ्या खांद्यावर पंधरा वर्षांच्या मुलीचं डोकं असताना, मी 'मागं सरा' म्हणत नव्हतो. 'मुलींना आधी' म्हणत नव्हतो. 'मला सोडा, मला आधी बाहेर काढा' असं ओरडत होतो. फटीतून शिपायाला ओरडत होतो, 'अरे, मी आहे, हेडमास्तर, आधी मला!' आणि तिचा कान माझ्या तोंडापासून चार बोटांवर होता.

"का नाही सांगितलंस?"

तिनं खिडकीबाहेर बघितलं. मैदानावर कुरणेबाईंची शिट्टी चालली होती.

"सगळ्याच तेच ओरडत होत्या, सर," ती म्हणाली. "मीपण."

मग तिनं माझ्या हातातून हळूच कागद सोडवून घेतला, सही नीट वाळली का बघितलं, आणि गेली.